निमियाचं दुसरं नाव

सेल्सा गेल्यावर तिचे कपडे चर्चमध्ये द्यावेत असं माझ्या मनात होतं. पण तिथल्या बायका गाठोडं सोडायच्या आधी चौकशा करतात आणि चौकशा झाल्या की कळवळा दाखवतात. मला दोन्ही सोसत नाही. म्हणून मी दोन्ही गाठोडी टॅक्सीत टाकली आणि अंगणात आंबा असलेल्या त्या घराकडे गेले. तिथे 'तसले लोक' जमतात, असं आमच्या गल्लीत सगळे नाक मुरडून सांगायचे. माझ्यासमोरच सांगायचे, कारण माझ्याबद्दल गल्लीला कधी संशय आला नाही. सेल्सा आणि मी सव्वीस वर्षं एका छपराखाली राहिलो, आणि गल्लीच्या लेखी आम्ही मावसबहिणी होतो. तसं आम्हीच सांगून ठेवलं होतं.

मयताच्या वेळी सेल्साचा भाऊ पहिल्या रांगेत बसला. वर्षातून एकदा फोन करणारा माणूस. लोक त्याचे हात हातात घेऊन रडत होते आणि मी चौथ्या रांगेत, शेजारणीच्या ओल्या छत्रीशेजारी. मावसबहिणीला चौथी रांगसुद्धा पुष्कळ झाली. मी तिथे रडलेही नाही. मावसबहिणीने किती रडावं याचा मला अंदाज येईना.

त्या घराचं दार निमियाने उघडलं. उंच, साठीची, मेंदीने लालभडक केलेले केस, आणि पाला कुटून कुटून हिरवे पडलेले हात. बाजाराच्या कोपऱ्यावर तिचं उखळ होतं. तेरेरेच्या, म्हणजे आमच्याकडच्या गार चहाच्या, पाण्यात घालायचा औषधी पाला ती तिथे कुटून विकायची, आणि असुन्सिओनमधली अर्धी माणसं सकाळी कामावर जाताना तिच्यासमोर थर्मास धरून उभी असायची. मीही कधीतरी उभी राहिले असेन. तिने गाठोडं सोडलं, सेल्साचा एक ब्लाउज उचलला आणि माझ्याकडे पाहिलं.

"कुणाचे हे?"

"मावसबहिणीचे."

"दोन्या, मावसबहिणीच्या ब्लाउजला कुणी अशा घड्या घालत नाही."

दोन्या, म्हणजे बाईसाहेब, असा मान देऊनच तिने मला पकडलं होतं. माझा राग कायम नाकाच्या शेंड्यावर असतो. तुला काय करायचंय, असं मी म्हणणार होते. तोंड उघडलं आणि निघालं भलतंच.

"बायकोचे," मी म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले. सेल्सा जिवंत असताना सेल्सालाही कधी म्हटलं नव्हतं. निमियाने मान हलवली, ब्लाउज होता तसा घडीवर ठेवला आणि म्हणाली, "मग बसा की. उभ्याने काय बोलायचं?" अंगणात चारपाच जण तेरेरे पीत बसले होते. पेला फिरत फिरत माझ्याकडे आला, एकच नळी, सगळ्यांच्या तोंडची. मी प्यायले. मग जे रडू आलं ते संध्याकाळपर्यंत थांबलं नाही, आणि कुणी मला गप्प करायला आलं नाही.

तशी मी त्या घरात शिरले. भाड्याच्या तीन खोल्या, त्यातली एक गळकी. सगळं चालवायचा लिसांद्रो. तरुणपणी पाद्री व्हायला निघालेला हा माणूस अर्ध्या वाटेवरून परत आला होता, पण बोलायची ढब तीच राहिली होती. माझं काम लवकरच ठरलं. मी जन्मभर नोंदणी कचेरीत खिडकीमागे बसले होते, जन्म-मृत्यू-लग्नं सगळी माझ्या हातून गेली. तेव्हा कागदपत्रांची भानगड आली की 'दोन्या रूफिनाला विचारा'.

पहिल्याच आठवड्यात मी माती खाल्ली. शिओमाराला दवाखान्याचं कार्ड काढायचं होतं. शिओमारा म्हणजे तिशीतली, तोंडाळ, दिवसा केस कापणारी आणि रात्री आम्हा सगळ्यांना हसवणारी. मी चष्मा चढवला आणि सवयीने विचारलं, "खरं नाव काय तुझं?" अंगणातली सगळी बोलणी बंद पडली. शिओमाराची मान खाली गेली. निमियाने पेला माझ्या हातात दिला.

"दोन्या, हे घर आहे, खिडकी नंबर तीन नाही. इथे आम्ही सांगू तेच खरं."

मला तोंडात मारल्यासारखं झालं, पण कळलं. त्या घरात एकच नियम होता आणि तो भिंतीवर लिहायची गरज नव्हती. कागदावरचं नाव विचारायचं नाही. गाव कुठलं, घरी कोण आहे, हेही नाही. विचारणं म्हणजे चारचौघांत अंगावरचा कपडा ओढणं. पुढे मी कुणाला कचेरीत घेऊन गेले तर खिडकीपाशी नाव सांगायची वेळ आली की दोन पावलं मागे सरून पाठ करून उभी राहायचे, आणि कानावर पडू नये म्हणून उगाच खोकायचे. शिओमारा सगळ्यांना माझ्या खोकल्याची नक्कल करून दाखवायची. मला त्या खोकल्याचा अभिमान होता.

निमिया दर पवित्र आठवड्यात गायब व्हायची. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी टोपलीभर चिपा घेऊन परत यायची. मातीच्या भट्टीतला, बडीशेप घातलेला, असा की शहरातल्या बेकरीवाल्याने पाया पडावं. आम्ही चीज-मक्याचा तो पाव बोटं चाटत खायचो, पण कुठून आणलास म्हणून कुणी विचारलं नाही. तीही बोलली नाही. नंतर दोन दिवस मात्र ती गप्प असायची आणि केसांना पुन्हा मेंदी लावत बसायची.

मग दालिला वारली. दालिला आमच्यातलीच, वयाने निमियाएवढी. तिच्या भावांना कळलं आणि ते येऊन तिला घेऊन गेले. केस कापले, टाय बांधला, जन्माच्या नावाने पुरलं. आम्ही दफनभूमीच्या भिंतीबाहेर रस्त्यावर उभे होतो, कारण आत आलात तर पोलिस बोलावू असा निरोप होता. लिसांद्रो भिंतीकडे तोंड करून प्रार्थना म्हणत होता. बसगाड्यांच्या आवाजात आम्हाला पाद्रीचा शब्द ऐकू आला नाही, फक्त ते दुसरं नाव तेवढं ऐकू आलं, तीनदा.

परत येताना बसमध्ये निमिया माझ्या शेजारी बसली होती.  ती म्हणाली, "दोन्या, तुमची कचेऱ्यांत ओळख आहे. मला टाय बांधून पुरू देऊ नका. आणि माझ्यासाठी जी प्रार्थना होईल ती निमियाच्या नावाने होऊ दे. बाकी काही नको."

मी वचन दिलं. सेल्साची शपथ घेऊन दिलं.

"मग ते दुसरं नावही तुम्हाला सांगून ठेवते," ती म्हणाली. "वेळ पडली तर..."

मी तिच्या तोंडावर हात ठेवला. "मला तुझं नाव ठाऊक आहे," मी म्हणाले. "निमिया."

किती खूश झाली ती. माझा हात धरला तो उतरेपर्यंत सोडला नाही. आणि मीही खूश होते, म्हातारपणी शिकलेली रीत अशी नेमकी उपयोगी पडली म्हणून. त्या दिवशी आम्ही दोघीही खूश होतो, याचं मला आज सगळ्यात वाईट वाटतं.

जूनमध्ये, आमच्याकडच्या हिवाळ्यात, दक्षिणेचा गार वारा सुटला आणि निमियाला खोकला झाला. गावाला औषध कुटून देणारी, स्वतः मात्र काही घेईना. एका सकाळी तिच्या शेजारी बसणारी भाजीवाली धापा टाकत घरी आली. निमिया उखळावरच कोसळली, श्वास लागला होता, अँब्युलन्सने मोठ्या इस्पितळात नेलं, असं तिने सांगितलं. निमियाची पिशवी, ओळखपत्रासकट, पोलिसाने अँब्युलन्समध्ये ठेवली, फोन मात्र त्या गडबडीत कुणीतरी लांबवला.

लिसांद्रो, शिओमारा आणि मी तासाभरात इस्पितळात पोचलो. खिडकीवरच्या मुलीला मी सांगितलं, निमिया, सकाळी आणलेली, श्वासाचा त्रास. तिने आडनाव विचारलं. मी शिओमाराकडे पाहिलं, शिओमाराने लिसांद्रोकडे. पंधरा वर्षं तो तिला ओळखत होता. त्याने डोळे मिटून घेतले.

बायकांच्या वॉर्डात निमिया नावाचं कुणी नव्हतं. फोटो दाखवला. लाल केस, ओठांना रंग, कानात रिंगा. अशी बाई इथे आलेली नाही, असं शिपाई म्हणाला, आणि तो बिचारा खोटं बोलत नव्हता. शिओमाराच्याच डोक्यात आलं की पुरुषांच्या वॉर्डात पाहायला हवं. तिथे दारावरच्याने पेशंटचं नाव सांगितल्याशिवाय आत सोडायचं नाकारलं. मी भांडले. आवाज चढवून भांडण्यात मी कुणाला हार जात नाही. पण माझ्यासारख्या हजार बायकांना मी स्वतः खिडकीमागून तेच सांगितलं होतं, नाव सांगा बाई, नावाशिवाय काही होत नाही. त्याने तोच फोटो आत नेऊन नर्सला दाखवला आणि परत येऊन नकाराची मान हलवली.

आम्ही दुसरी इस्पितळं पालथी घातली. दिवस जात होते. मी माझ्या जुन्या कचेरीतही गेले. माझ्या खिडकीत आता जी बसते तिला मीच काम शिकवलं होतं. तिने उठून मला खुर्ची दिली आणि म्हणाली, "दोन्या रूफिना, नुसतं नाव द्या, एका मिनिटात काढून देते."  माझ्याकडे द्यायला एकच नाव होतं आणि ते तिच्या कुठल्याही दप्तरात नव्हतं.

रोज दुपारी मी पहिल्या इस्पितळाच्या अंगणात जाऊन बसायचे. दुसरं काही सुचत नव्हतं. थर्मासमध्ये थंड पाणी आणि निमियानेच कुटलेला पाला असायचा. एका दुपारी ड्यूटी संपवून निघालेली एक नर्स माझ्यासमोर थबकली. अंगणातून दोनदा गेली, परत आली, आणि शेवटी विचारलं, "कुणाला शोधताय का?"

मी सांगितलं. फोटो काढला. तिने नीट पाहिला, अंगठ्याने वरचे केस झाकून पुन्हा पाहिला, आणि माझ्या शेजारी बसली.

पुरुषांच्या वॉर्डात होती निमिया. खिडकीजवळची खाट. आल्या आल्या केस कापले होते, वॉर्डाचा नियम म्हणून. तोंडावर प्राणवायूचा मास्क, अंगात इस्पितळाचा सदरा. फोटो दाखवायला आणला तेव्हा ड्यूटीवर दुसरं कुणी होतं. तोंड बघून कुणाला ओळखता येणार होतं? पायाच्या नखांना लाल रंग होता म्हणून तो माझ्या लक्षात राहिला, असं नर्स म्हणाली.

"शुद्धीवर होती?" मी विचारलं.

"होता. होती." ती अडखळली. "मास्क बाजूला करून मला सांगायची, एक जाड, रागीट बाई येतील, त्यांना दारात अडवू नका. मी म्हटलं, नाव काय सांगतील त्या? तर म्हणाली, निमिया. दुसऱ्याच दिवशी मी दारावर सांगून ठेवलं. मग माझ्या दोन सुट्ट्या आल्या आणि दारावरचा माणूसही बदलला. परत आले तर खाट रिकामी. आदल्या रात्रीच श्वास थांबला म्हणे. भाऊ आला होता गावाहून. ओळखपत्रावरून पोलिसांनी त्याला कळवलं. तो घेऊन गेला."

म्हणजे मी वॉर्डाच्या दारात भांडत होते तेव्हा ती आत खिडकीजवळ माझी वाट बघत होती. एक दार होतं मध्ये. मी नर्सला गाव विचारलं. तिने गाव सांगितलं, काआसापाच्या पलीकडचं, आणि न विचारता नावही सांगितलं. या वेळी मी खोकले नाही. ते नाव मी इथे लिहिणार नाही. चांगलं, साधं नाव होतं, एखाद्या आईने प्रेमाने ठेवावं असं.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. पेला फिरायचा थांबला. मग शिओमारा उठली, माझ्याजवळ आली, माझ्या कानाला तोंड लावलं आणि स्वतःचं कागदावरचं नाव सांगितलं.  तिच्या मागून दुसरी आली. मग तिसरा. लिसांद्रोचं नाव कागदावरही लिसांद्रोच, तरी तो रांगेत उभा राहिला आणि त्याने बहिणीचं नाव आणि गाव सांगितलं. मी ऐकत गेले. त्या नावांतलं एकही सांगणाऱ्याला आपलं वाटत नव्हतं, आणि तरी प्रत्येक जण सांगून झाल्यावर काहीतरी हरवल्यासारखा जागेवर जाऊन बसत होता. आमच्या घराचा एकमेव नियम त्या दिवशी मोडला. मी मोडायला लावला असं मला वाटत राहिलं.

गावाला जाऊ नका, असं लिसांद्रो म्हणत होता. नऊ दिवसांच्या प्रार्थना चालू असतील, लोक जमलेले असतील, तुम्ही तोंड उघडाल आणि तमाशा होईल. मी म्हटलं, तमाशा करायलाच चालले आहे. निमियाच्या नावाने प्रार्थना व्हायची होती. टाय तर बांधून झाला असेल, निदान नाव तरी मी त्यांच्या तोंडावर फेकून येईन, एवढं मी ठरवलं होतं.

बस लाल मातीच्या रस्त्याने खूप वेळ चालली. घर विचारावं लागलं नाही. दारापुढे मांडव होता आणि मागच्या भट्टीतून बडीशेपेचा वास येत होता. प्रार्थनेचा तो नववा, शेवटचा दिवस होता. पांढऱ्या कापडाच्या पायऱ्यांवर मेणबत्त्या लावल्या होत्या आणि वर फोटो होता, लष्करी चाकरीतला. अठरा वर्षांचा पोरगा, तासलेलं डोकं, पुढे आलेले कान. डोळे निमियाचे. ती चेष्टा करायच्या आधी अशीच बघायची.

भाऊ पुढे आला. तेओदोरो त्याचं नाव. रापलेला, थकलेला, सभ्य माणूस. मला असुन्सिओनहून आलेली बघून त्याने हात पुढे केला. मी तो घेतला नाही. कशात पुरलंत, एवढंच विचारलं. त्याला आधी कळलं नाही. मग तो म्हणाला, "माझ्या सुटात. लग्नातला होता, एकदाच घातलेला. टाय नवा आणला."  आपल्याकडचं सगळ्यात चांगलं दिलं होतं त्याने. माझ्या तोंडात जे आलं होतं ते तिथेच अडकलं.

त्याने मला बाजूला घेतलं. "तुम्ही कुठून आलात ते मला समजतंय," तो हलकेच म्हणाला. "पायाची नखं मी पाहिली. कुणी बघायच्या आत मोजे घातले. पण आई... आईला नको, बाई. तिला डोळ्यांनी दिसत नाही. तिचा पोरगा शहरात शिंप्याकडे कामाला होता, दर पवित्र आठवड्यात घरी यायचा, टोपी घालून भट्टीपाशी तिच्याबरोबर पीठ मळायचा. तेवढंच तिला ठाऊक आहे. चाळीस वर्षं त्यानेच तिला तेवढं सांगितलं."

मी काही बोलायच्या आत मांडवातून म्हातारीचा आवाज आला. शहरातून कुणी बाई आली आहे हे तिच्या कानावर गेलं होतं. "तेओ, सून आली का रे माझी? इतकी वर्षं लपवून ठेवली ती?"

तेओदोरोने माझ्याकडे पाहिलं.  म्हातारीने हवेत हात पुढे केला होता आणि सगळा मांडव त्या हाताकडे बघत होता. मी जाऊन तो धरला. तिने मला आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं, पहिल्या रांगेत, मेणबत्त्यांसमोर.

मग माणसं येऊ लागली. एकेक जण माझ्यापुढे वाकायचा, माझे दोन्ही हात हातात घ्यायचा आणि सांत्वनाचे दोन शब्द बोलायचा. म्हाताऱ्या, बाप्ये, कडेवर पोरं घेतलेल्या बायका. तुमचा माणूस चांगला होता हो, म्हणायच्या. मी कधीच कुणाची बायको म्हणून अशी बसले नव्हते. जिच्यासाठी बसायला हवं होतं तिच्या वेळी मला ही खुर्ची मिळाली नाही, आणि इथे एका अशा माणसाची विधवा म्हणून मिळाली होती जो कधी नव्हताच. मी रडले. सेल्सासाठी रडले, निमियासाठी रडले, आणि मला लाज वाटत होती की ती खुर्ची सोडून उठावंसं वाटत नव्हतं.

प्रार्थना म्हणणारी बाई उंच आवाजाची होती. प्रत्येक फेरीला ती ते नाव घ्यायची आणि सगळे साथ देत. दर वेळी मला वाटायचं, आता उठावं. उठून सांगावं, असा कुणी नव्हता, हिचं नाव निमिया. वचन तेच होतं. पण माझ्या मांडीवर म्हातारीचा हात होता. निमियाने चाळीस वर्षं स्वतः जे सांगितलं नाही, ते तिच्या आईला मी कुठल्या अधिकाराने सांगणार होते? बसमध्ये मी तिच्या तोंडावर हात ठेवला होता. आता तिने माझ्या तोंडावर ठेवला होता, असं मला वाटलं.

शेवटच्या फेरीआधी ती बाई थांबली आणि रिवाजाप्रमाणे तिने विचारलं, जमलेल्यांपैकी कुणाला आपल्या आणखी कुणा गेलेल्या माणसासाठी प्रार्थना हवी आहे का. कुणी बापाचं नाव घेतलं, कुणी तापाने गेलेल्या लेकराचं. बाईची नजर माझ्याकडे वळली, विधवेचा मान म्हणून.

"निमिया," मी म्हणाले.

बाईने ते नाव उचललं. निमियाच्या आत्म्यासाठी. आणि सगळ्या मांडवाने एका आवाजात म्हटलं, निमियाच्या आत्म्यासाठी, माते, प्रार्थना कर. शेजाऱ्यांनी म्हटलं, चुलत्यांनी म्हटलं, भट्टीपाशी उभ्या असलेल्या बायकांनी म्हटलं. तेओदोरो कॉफीची किटली घेऊन फिरत होता. त्याने ती खाली ठेवली आणि तो घरामागे निघून गेला. एवढंच झालं. मी दिलेलं वचन यात पुरं झालं असं मला कुणी सांगू नये. तिकडे मातीखाली टाय होताच.

लोक खायला उठले तेव्हा म्हातारी माझ्याकडे कलली.

"निमिया कोण गं, सूनबाई?"

"मैत्रीण होती," मी म्हणाले. "इस्पितळात गेली. जवळ कुणी नव्हतं तिच्या."

"अगं बाई. आई नव्हती का तिला?"

"होती."

"मग ती कशी नाही आली?"

तिचे डोळे पांढरट पडलेले होते आणि ती माझ्या आवाजाच्या दिशेने बघत होती. मला खोटं बोलता येईना आणि खरंही.

"तिला कुणी सांगितलंच नाही," मी म्हणाले.

म्हातारी चुकचुकली. बराच वेळ माझा हात कुरवाळत बसली. आईला कुणीतरी सांगायला हवं होतं, असं ती स्वतःशीच म्हणाली. मग मला म्हणाली, "मी रोज निजताना माझ्या पोरासाठी म्हणते. तिच्यासाठीही म्हणत जाईन. नाव काय म्हणालीस? पुन्हा सांग."

मी सांगितलं. जिभेवर बसेपर्यंत ती ते हळूहळू म्हणत राहिली.